भाग जाते का?

सौसरला पहिल्यांदा उतरलो त्या दिवशी मी एका अनोळखी लग्नात पोटभर जेवलो. बोलावलं कोणी नव्हतं. ओढून नेलं.

एका हातात ट्रंक, काखेत वळकटी, आणि शाळा कुठे आहे ते विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात रस्त्याकडेच्या मांडवातून एक उंच, काटकुळे गृहस्थ धोतराचा सोगा सावरत धावत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मी म्हणालो, अहो, मी वऱ्हाडी नाही. ते म्हणाले, "वऱ्हाडी कोण मागून राहिलं? माणूस पाहिजे, माणूस."

आत पंगत बसली होती, पण हात सगळ्यांचे मांडीवर. वाढपी वरणाची बादली घेऊन ताटकळला होता. गृहस्थांनी मला एका पत्रावळीसमोर दाबून बसवलं, मागे सरून सगळ्या मांडवावरून नजर फिरवली आणि जणू आजारी माणसाचा ताप उतरला अशा आवाजात म्हणाले, "तेवीस होते. आता चोवीस झाले. चार रांगा, सहा-सहा. वाढा."

नवरदेवाच्या मामांनी मला विचारलं, आपण कोणाकडून? माझ्या तोंडात वडा होता, म्हणून मी बोटानेच त्या गृहस्थांकडे दाखवलं. मामांनी समजुतीने मान हलवली. गावात बहुधा प्रत्येक लग्नात असा एखादा मोजणीतला पाहुणा असायचा.

हे आत्मारामजी गुरुजी. जनपद सभेच्या शाळेत अंकगणित शिकवायचे. दुसऱ्या दिवशी मी त्याच शाळेत मराठीचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांनी मला ओळखलं, पण नावाने नाही. हेडमास्तरांना म्हणाले, "हे चोविसावे."

गुरुजींचा जगाशी एकच प्रश्न होता: भाग जाते का? कोणताही आकडा कानावर पडला की डोळे अर्धे मिटायचे, ओठ हलायचे आणि निकाल यायचा. एखाद्या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून कोणाचाच भाग जात नसला, म्हणजे ती मूळ संख्या निघाली, की त्यांचा चेहरा पडायचा. मूळ संख्येइतकं मांडवात वाईट काही नाही असं त्यांचं म्हणणं. तेवीस माणसं आली तर एक तर सगळ्यांना एकाच लांब रांगेत बसवा, नाहीतर तेवीस जणांना तेवीस कोपऱ्यांत. मधला मार्ग नाही. "अन् रांगा केल्याच, तर एका रांगेत शेवटी कोणाची तरी बाजू उघडी राहते. त्याले वाढायचं राहून जाते. पाहा तुम्ही कधी." मी नंतर पाहत गेलो. खरोखर राहून जातं. बहुतेक वेळा तो मीच असायचो.

भाजकांशी त्यांचे घरोब्याचे संबंध होते. दोन हा भोळा, शेवटचा अंक पाहिला की ओळखू येतो. पाच त्याहून भोळा. तीन जरा आतल्या गाठीचा. अंगावरचे सगळे अंक उतरवून बेरीज करायची, बेरजेला तिनाचा भाग गेला तर त्यालाही गेला. अकराला अंक एक सोडून एक मोजले की चालतं. सात मात्र पक्का. "सातानं आजपर्यंत कोणालेच सीधं उत्तर दिलं नाही," असं ते गावातल्या एखाद्या चुकार माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. आणि चौकशी किती करायची याचाही त्यांचा शिष्टाचार होता. एकोणतीस मूळ आहे का ते पाहायला पाचापर्यंत विचारपूस पुरे. पाच पंचे पंचवीस, सहा सक छत्तीस; छत्तीस पुढे गेले, तिथे थांबायचं. "त्याच्या पुढे जाणं म्हणजे लोकाच्या चुलीत डोकावणं होय."

स्वातंत्र्याच्या पहिल्या झेंडावंदनाची गोष्ट मला शाळेच्या चपराश्याने सांगितली, कारण तो त्यात होता. मैदानावर पोरं भरली एकशे सत्तावीस. गुरुजींनी डोळे मिटले आणि त्यांचा रंग उतरला. पाहुणे आलेले, बँड तयार, आणि रांगा जमेनात. एका पोराला घरी पाठवा असं कोणीतरी सुचवलं. तर गुरुजी म्हणाले, आज कोणालेच घरी पाठवायचं नाही, आणि पाण्याचा माठ भरणाऱ्या चपराश्याला त्यांनी मिशांसकट चौथीच्या पोरांत उभं केलं. एकशे अठ्ठावीस. आठाच्या सोळा रांगा. झेंडा वर गेला तेव्हा गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाहुण्यांनी भाषणात त्याचा उल्लेख केला. पुढे चपराश्याने विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, देशाचं तर होतंच रे, पण एकशे अठ्ठावीस. अर्धे कर, पुन्हा अर्धे कर, पुन्हा कर. शेवटपर्यंत कुठे अडत नाही.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. एकदा पांढुर्ण्याला आम्ही संत्री घेतली. बाईने बारा मोजली आणि मास्तर लोक म्हणून वरून एक घातलं. गुरुजींनी ते परत ठेवलं. तिने पुन्हा घातलं. दोघांचं भांडण असं पेटलं की माणसं गोळा झाली, आणि गुरुजी ठकवून राहिले असं समजून बाईच्या बाजूने बोलू लागली. गुरुजी कळकळीने सांगत होते की बाई, तुझं मन मोठं आहे, पण माझे बारा मोडून राहिले. तेरा कोणात वाटू? शेवटी बाईने ते संत्रं सोलून, आमच्याकडे पाहत पाहत, स्वतः खाल्लं. मी गर्दीत तोंड फिरवून उभा होतो, जणू मी नागपूरहून आलेला कोणी वेगळाच प्रवासी आहे.

माझं गणित कसं होतं ते सांगायला हवं. एकदा गुरुजी रजेवर होते, म्हणून हेडमास्तरांनी मला त्यांच्या वर्गावर धाडलं. मी फळ्यावर एक्याण्णव लिहिला आणि ठासून सांगितलं, ही मूळ संख्या. दिसायला ती इतकी मूळ दिसते की विचारू नका. मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, तेरा साते एक्याण्णव. वर्ग हसला. मी म्हणालो, तुमच्या पुस्तकात असेल. आता पाढे काही पुस्तकापुरते नसतात, पण एकदा बोललो ते बोललो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गुरुजी तापातून उठून, कानाला मफलर बांधून माझ्या खोलीवर आले. मला वाटलं आता खरपूस बोलणी बसणार. तर ते खाटेवर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, एक्याण्णवनं मलेही लहानपणी फसवलं होतं." आणि मला घरी जेवायला घेऊन गेले.

तिथे शांता होती.

शांता गुरुजींची एकुलती एक लेक. बायको फार आधी गेलेली, पोरीला गुरुजींनीच वाढवलेलं. तिने मला वरण वाढलं आणि विचारलं, "ते एक्याण्णववाले तुम्हीच का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, बरं झालं, या घरात एकाला तरी येत नाही. त्या क्षणी मी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच. असे निर्णय मी नेहमी वरणभातावरच घेतो.

अडचण अशी की गुरुजी पत्रिका मानत नसत. मुलाचं वय आणि मुलीचं वय घ्यायचं, दोघांत कोणता अवयव, म्हणजे दोघांनाही भाग जाणारा आकडा, सामाईक आहे ते पाहायचं. मोठा निघाला तर जमलं, काहीच निघालं नाही तर पाहुण्यांना चहा पाजून रवाना. रामाकोन्याचा एक बागाईतदार आला होता, घरचा संत्र्याचा बगीचा, मुलगा पंचवीसचा, तेव्हा शांता अठराची. गुरुजी मुलाच्या बापाला म्हणाले, "पंचवीस अन् अठरा. एकमेकांत काहीच नाही. जन्मभर बोलतील काय?" बाप बिचारा विचार करून म्हणाला, संत्र्यांबद्दल बोलतील. पण उपयोग झाला नाही. मग मोहगावचे एक बिजवर आले, वय चाळीस, आणि शांता वीसची. चाळिसाला विसाचा पुरता भाग गेला, बाकी शून्य. आता गुरुजी काय म्हणतात म्हणून सगळं गाव कान लावून होतं. गुरुजींनी खूप वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे जरा जास्तच जमून राहिलं." आणि त्यांनाही चहा पाजला.

मी माझ्या पांढुर्ण्याच्या आत्याकडून शब्द टाकला तेव्हा मी सत्तावीसचा, शांता एकवीसची. गुरुजी खुलले. तीन येते, म्हणाले, तीन काही वाईट नाही. मग डोळे मिटून पुढचा हिशेब केला. "आत्याबाई, घाई काय आहे? तीन वर्षं थांबा. हा तीसचा होते, ते चोवीसची. सहा येते, सहा. याच्याहून मोठा अवयव या दोघांले पुढे कधीच येणार नाही." आत्याने घरी येऊन मला विचारलं, हा माणूस हो म्हणाला का नाही? मी म्हणालो, सहा म्हणाला.

आम्ही थांबलो. पुढच्या वर्षी अठ्ठावीस आणि बावीस झालो. दोन आला. गुरुजींनी तोंड वाकडं केलं. दोन काय, कोणाचाही येते. त्याच्या पुढच्या वर्षी मी एकोणतीस, ती तेवीस. दोघेही मूळ. सामाईक काही नाही. आणि नेमकं त्याच वर्षी भाषावार रचनेत आमचं राज्य फुटलं.

नागपूर राजधानी होतं ते मुंबईकडे गेलं, विदर्भाचे आठ जिल्हे त्याच्याबरोबर गेले, आणि आमचा छिंदवाडा जिल्हा भोपाळकडे राहिला. सौसरच्या चौकात रोज सभा भरल्यासारखी माणसं उभी असायची. कोणाचा भाऊ तिकडे, कोणाची शेती इकडे. मी गुरुजींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, आठ गेले, आठाला काही दोष नाही, चांगला आकडा आहे. मग म्हणाले, "आपली तहसील बाकी उरली. उरू द्या. भागाकारात बाकी उरतेच. पण पोरं सुद्धा ते खाली लिहून ठेवतात ना."

माझं घर काटोलचं. काटोल मुंबई राज्यात गेलं. तिथल्या शाळेत मामांनी माझ्यासाठी जागा पाहून ठेवली होती. दिवाळीनंतर रुजू हो, नाहीतर जागा जाईल, असा निरोप आला. आईने त्यात भर घातली की एक मुलगी पाहिली आहे आणि तुझ्या त्या सहाची वाट पाहायला मी काही बसणार नाही. इकडे शांतेला तेवीस पूर्ण. आळीतल्या बाया तिच्यादेखत तिच्याबद्दल दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं बोलायच्या. म्हणजे या दिवाळीला जमलं तर जमलं, नाहीतर ती एका राज्यात आणि मी दुसऱ्या, एवढा सरळ हिशेब मलाही कळत होता.

तेव्हा मी खोटं बोलायचं ठरवलं. गुरुजींना जाऊन सांगितलं की घरी विचारलं, जन्मसाल चुकीचं लागलं होतं, मी खरं तर तीसचा आहे. तिसाचं एवढं कौतुक ऐकलं होतं की त्याच्यातच सगळी जादू आहे अशी माझी समजूत. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "अन् शांती?" मी म्हणालो, ती तेवीसच. "तिसाले अन् तेविसाले सामाईक भाग जाते का?" मी बोटं मोजली. नाही जात. आतल्या खोलीत कोणीतरी तोंडात पदर कोंबल्याचा आवाज आला. गुरुजी म्हणाले, "मास्तर, खोटंच बोलायचं होतं तर शेहेचाळीस तरी सांगाचं. तेविसाचा पुरता भाग गेला असता."

अपमान गिळून मी घरी आलो आणि ट्रंक भरायला घेतली.

दिवाळी झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेलो. गुरुजी ओसरीत पाटावर बसले होते, मागे भिंतीला त्यांची पाटी टेकवलेली. शांता दाराच्या चौकटीला टेकून सुपात तांदूळ निवडत होती. एरवी माझ्यावर एखादा टोमणा मारल्याशिवाय न राहणारी, त्या दिवशी मान वर करेना. मी आधी पाठ केलेली दोन वाक्यं बोललो. तिसरं आठवलं नाही.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. म्हणाले, "तुम्हाले कितवं लागलं?"

मी म्हणालो, एकोणतीस पूर्ण आहेत, गुरुजी, त्यादिवशीचं मनावर घेऊ नका.

"पूर्ण मी विचारलं नाही. लागलं कितवं?"

"तिसावं."

"अन् शांतीले चोविसावं लागलं." ते पाटाच्या कडेवर बोट फिरवत होते. "तीस अन् चोवीस. सहा. आपल्याकडे लागलेलंच सांगतात. सगळ्या गावात लागलेलं सांगतात. मी एकटाच पुरं झालेलं धरून बसलो होतो."

मला कळायला वेळ लागला. गणिताचं म्हटलं की मला लागतोच. शांतेला तेवढा लागला नाही. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "बाबा, हे तुम्हाले आज सुचलं?"

गुरुजी तिच्याकडे न पाहता म्हणाले, "पोळ्यापासून माहीत होतं. म्हटलं, एवढी दिवाळी होऊन जाऊ दे."

शांता सूप तिथेच टाकून आत गेली. आत भांडी वाजली, मग वाजायची थांबली. मी उगीच उठू लागलो, तर गुरुजींनी माझं मनगट धरून मला पाटावर आपल्या शेजारी बसवलं आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"एक सांगून ठेवतो. पावसाळ्यात वीज कडाडली का तिले भेव वाटते. अजून वाटते. कबूल करत नाही. तुम्हीही विचारू नका, रागावते. कंदील विझवाचा नाही, बस."

मी म्हणालो, नाही विझवणार.

"असं नाही. कंदील काहून जळून राहिला म्हणून ते विचारते. लहानपणापासून विचारते. काही काम पाहिजे ना हातात. तिची माय गेली तवा मी शोधून काढलं. एक मोठा आकडा घ्याचा अन् पाटी घेऊन बसाचं. याचा भाग जाते का, त्याचा भाग जाते का. सातापाशी लय वेळ जाते. मग ते समजते, बाबाचं काम चालू आहे, अन् झोपते. वीज थांबेस्तोवर करत राहाचं. तेव्हापासून मले मग सवयच लागली."

मी पाटीकडे पाहिलं नाही, गुरुजींकडेही पाहिलं नाही. समोरच्या तांदळाकडे पाहत म्हणालो, "पण गुरुजी, मला तर गणित येत नाही."

"ते तर लय चांगलं आहे," गुरुजी म्हणाले. "तुमचं लवकर सुटणार नाही."